शिडाची होडी आणि शिक्क्याचा कागद

आपल्या मराठी माणसाचा कागदावर फार विश्वास. देवावर असतो त्याहून थोडा कमी आणि शेजाऱ्यावर असतो त्याहून पुष्कळच जास्त. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला असे दाखले गोळा करीत करीत आपण आयुष्याच्या उत्तरार्धात पोचतो, आणि तिथे पेन्शनसाठी हयातीचा दाखला मागतात. समोर चालताबोलता माणूस उभा असला तरी तो जिवंत आहे हे कागदानेच सांगावे लागते. मी स्वतः तर कागदावरच जगतो. एम. ए. झाल्याचा कागद दाखवून गेली वीस वर्षे कॉलेजात मराठी शिकवतो आहे, आणि दरवर्षी शेकडो मुलांचे कागद तपासून त्यांना पुढचे कागद मिळवून देतो आहे. तेव्हा कागदाची टवाळी करण्याचा अधिकार निदान मला तरी नाही.

तरीसुद्धा काही गोष्टी कागदापलीकडच्या आहेत अशी माझी समजूत होती. पुरणपोळी करणे, विहिरीत पोहणे, आणि शिडाची होडी हाकणे. पोळी फुटली नाही म्हणजे ती येते, माणूस बुडाला नाही म्हणजे त्याला पोहता येते. कोकणातल्या कुणा तांडेलाला ‘आपण कितवी पास?’ असे विचारून मग होडीत पाय ठेवणारा उतारू अजून माझ्या पाहण्यात नाही. समुद्रावर कागद पूर्वीही चालत, नाही असे नाही. पोर्तुगीज आपल्या ‘कार्ताझ’शिवाय जहाज जाऊ देत नसत, आणि पुढे कान्होजी आंग्र्यांचे दस्तक जवळ नसले तर भल्याभल्यांची गलबते अडत. पण ते परवान्याचे कागद. जाऊ देण्याचे. येते की नाही हे सांगणारे नव्हेत.

ही समजूत ज्यांच्यामुळे मला पुन्हा तपासून पाहावी लागली ते आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे वेंगुर्ल्याचे, धंद्याने डॉक्टर, आणि गेली तीसएक वर्षे इंग्लंडात साउदॅम्प्टनजवळ स्थायिक. तिथे हॅम्बल नावाची एक लहानशी नदी आहे. नदी कसली, डोलकाठ्यांचे रान! तीत तीन मित्रांनी मिळून घेतलेली एकतीस फुटी जुनी होडी दाजी पंचवीस वर्षे हाकत आहेत. शनिवार आला की आपल्याकडे माणसे मंडईत जातात तसे हे गृहस्थ वाइट बेटाला वळसा घालायला जातात. आणि इतक्या वर्षांत त्यांच्याजवळ होडीचा एकही कागद नव्हता.

आता इंग्रज म्हणजे नियमाचा माणूस अशी आपली कल्पना. पण मौज अशी की तिथे स्वतःची होडी स्वतःच्या हौसेसाठी समुद्रात न्यायला कसलाही परवाना लागत नाही. मोटारीला लागतो, टीव्हीला लागतो, होडीला नाही. सारे काही खुशीचे. रॉयल यॉटिंग असोसिएशन नावाची तिथली संस्था १८७५ साली निघाली ती शर्यतींचे नियम ठरवायला. आज त्या संस्थेची प्रमाणपत्रे जगभर मानली जातात. पण घ्यायची की नाही ते ज्याचे त्याने ठरवायचे. दाजींनी न घेण्याचे ठरवले होते आणि त्यांचे काही अडले नव्हते.

अडले ते ग्रीसपाशी. लग्नाला तेहतीस वर्षे झाली त्या निमित्ताने आपण सगळ्यांनी, म्हणजे ते दोघे, त्यांची मुलगी आणि जावई, मी, आमची सौ. आणि आमची दोन मुले, अशांनी ग्रीसच्या बेटांतून आठ दिवस होडी भाड्याने घेऊन हिंडावे, असा बेत ताईने काढला. भाड्याच्या होड्या तिथे शेकड्यांनी मिळतात. मात्र चालक आपला आपणच असलात तर होडी देण्याआधी प्रमाणपत्र मागतात. पंचवीस वर्षांचा अनुभव आहे म्हणून सांगितले तर ऐकून घेतात, आणि पुन्हा प्रमाणपत्र मागतात.

२०२४ च्या मे महिन्यात आम्ही सुटीला त्यांच्याकडे गेलो त्या पहिल्याच रात्री जेवणानंतर दाजींनी कागदांचा एक गठ्ठा माझ्यासमोर टाकला आणि म्हणाले, “मास्तर, तुझं आयुष्य परीक्षा घेण्यात गेलं. आता मला सांग, मी कुठल्या परीक्षेला बसू?”

मला होडीतले इतकेच कळते की उलटी आली तर वाऱ्याच्या दिशेला तोंड करू नये. पण अभ्यासक्रम वाचणे हा माझा पोटापाण्याचा विषय. तीन रात्री बसून मी ते सारे वाचून काढले, आणि खरे सांगतो, कुठल्याही विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाने मत्सर करावा इतके ते नीटस होते.

दाजींपुढे मार्ग तीन होते. पहिला सर्वांत जवळचा. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा चाळीस क्रमांकाचा ठराव आहे; त्याच्या आधाराने हौशी नावाड्यांना एक आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र देतात. नेहमी होडी हाकणाऱ्याने एक दिवस परीक्षकाबरोबर पाण्यावर जावे, होडी धक्क्याला लावून दाखवावी, पाण्यात पडलेला माणूस परत उचलून दाखवावा, नकाशावर आपण कुठे आहोत ते दाखवावे, कुणी कुणाला वाट द्यायची त्याचे नियम सांगावे, की झाले. ग्रीससाठी एवढे पुरते.

दुसरा मार्ग पायऱ्यापायऱ्यांचा. प्रथम ‘कॉम्पिटंट क्रू’, म्हणजे हाताखालचा जाणता माणूस. मग ‘डे स्किपर’, म्हणजे ओळखीच्या पाण्यात दिवसाउजेडी होडीची जबाबदारी घेणारा. त्यावर ‘कोस्टल स्किपर’, म्हणजे किनाऱ्याकिनाऱ्याने दिवसा-रात्री लांबचा पल्ला मारणारा. प्रत्येकाचा वर्ग पाच-पाच दिवसांचा, आणि वर्ग होडीवरच. शिकवणाराच शेवटी शिक्का देतो. बाहेरचा परीक्षक येत नाही. आमच्या भाषेत सांगायचे तर सारे अंतर्गत गुण. अमेरिकनांचीही अशीच चढण आहे. तिकडच्या अमेरिकन सेलिंग असोसिएशनच्या पायऱ्यांना नावांबरोबर १०१, १०३, १०४ असे आकडेही आहेत.

तिसरा मार्ग मला फार आवडला. त्याचे नाव ‘यॉटमास्टर’. इथे वर्गाला बसलेच पाहिजे अशी अट नाही. अनुभव आणा, बाहेरचा परीक्षक तुमच्या होडीवर येईल, दिवसरात्र तुम्हांला घोळसून काढील, आणि पसंत पडलात तर प्रमाणपत्र मिळेल. म्हणजे आपला बहिःस्थ विद्यार्थी! नोकरी सांभाळून, घरचे बघून, एक दिवसही वर्गात न बसता परीक्षेला येणारी अशी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांच्या उत्तरपत्रिकेत शुद्धलेखन डळमळते, पण पुस्तक त्यांनी खरोखर वाचलेले असते.

यॉटमास्टरमध्येही तीन पायऱ्या. पहिली ‘कोस्टल’, म्हणजे किनाऱ्याची. तिला तीस दिवस समुद्रावर, त्यांतले दोन दिवस मुख्य चालक म्हणून, आठशे सागरी मैल आणि बारा तास रात्रीची सफर एवढा अनुभव लागतो. दुसरी ‘ऑफशोअर’. तिला पन्नास दिवस, पाच दिवस चालक म्हणून, अडीच हजार मैल, आणि साठ मैलांहून लांबचे पाच पल्ले. त्यांतले दोन रात्र ओलांडून केलेले आणि दोन स्वतः चालक म्हणून केलेले. तिसरी ‘ओशन’. तिला महासागरातला निदान सहाशे मैलांचा सलग प्रवास हवा, आणि सेक्स्टंट हातात घेऊन सूर्य-ताऱ्यांवरून आपली जागा काढता आली पाहिजे. हे तिसरे प्रकरण आम्ही ताईच्या एका कटाक्षासरशी बाजूला ठेवले.

“मग प्रश्नच काय?” दाजी म्हणाले. “पंचवीस वर्षांत मी दहा हजार मैल केले असतील. ऑफशोअरला बसतो!”

“अनुभव मागच्या दहा वर्षांतला हवा,” मी नियम वाचून दाखवला.

दाजी गप्प झाले. अनुभवालाही मुदत असते, दुधाच्या पिशवीसारखी, हे ऐकून कुठल्याही अनुभवी माणसाचे तोंड उतरणारच. मग आम्ही त्यांच्या सफरींच्या वह्या काढल्या. दोन रात्री मी मैलांची बेरीज केली. दहा वर्षांत दोनशे दिवसांच्या वर आणि तीन हजारांहून अधिक मैल भरले. पण ते मैल कसले? हॅम्बलहून कौझ, कौझहून हॅम्बल. हॅम्बलहून यार्मथ, यार्मथहून हॅम्बल. एकच धडा तीनशे वेळा वाचलेला! साठ मैलांच्या वरचे पल्ले फक्त दोन, दोन्ही इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्सच्या शेरबूर बंदराचे, आणि रात्रीचा त्यांतला एकच. ऑफशोअरला हवे होते पाच. तेव्हा एक तर आणखी एक उन्हाळा लांबचे पल्ले मारण्यात घालवायचा, नाही तर कोस्टलला बसायचे, नाही तर एका दिवसाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र घेऊन मोकळे व्हायचे.

माझे मत मी सांगितले. कागद कुणाला दाखवायचा हे पहिले बघावे. ग्रीसमधल्या कारकुनाला दाखवायचा असेल तर एक दिवसाचा पुरे. दुसऱ्यांना होडीवर नेऊन पैसे मिळवायचे असतील तर यॉटमास्टर घ्यावे, वैद्यकीय तपासणी आणि समुद्रावर जीव वाचवण्याचे शिक्षण जोडले की त्याला धंद्याचा शिक्काही मिळतो. पण दाजींना धंदा करायचा नव्हता. दुसरी गोष्ट, तो कागद मिळवताना जे शिकावे लागते ते आपल्याला येते का हे बघावे. येत असेल तर परीक्षा द्यावी, येत नसेल तर वर्गाला बसावे. नम्रतेपोटी खालच्या वर्गात बसू नये आणि प्रतिष्ठेपोटी वरच्या.

“येत नाही असं काय आहे?” दाजींनी विचारले.

इथे थोडे भरतीबद्दल सांगितले पाहिजे. कोकणात भरतीची वेळ काढण्याचा हिशेब पोरांनाही येतो. तिथीची पाऊणपट करा. अष्टमीला पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. चतुर्थीला तीन. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. दाजींच्या आजोबांना पंचांगाखेरीज दुसरे पुस्तक लागले नाही. पण हाच हिशेब घेऊन साउदॅम्प्टनला उभे राहा! तिथे इंग्लिश खाडीतल्या भरतीच्या चमत्कारिक घडणीमुळे पूर्ण भरती एकदा होते, पाणी जरा उतरल्यासारखे करते आणि पुन्हा भरते. जोडभरतीच म्हणा ना. दोन मैलांवरच्या बंदरात वेळ निराळी, उंची निराळी. त्याच पाण्यात ब्रॅम्बल नावाची वाळूची दांडी आहे. वर्षातून एकदा मोठ्या ओहोटीला ती तासभर उघडी पडते, तेव्हा तिथले दोन नौकाक्लब तिच्यावर क्रिकेटचा सामना खेळतात. विजय पाळीपाळीने वाटून घेतलेला असतो, आणि सामना संपवते भरती. पंचवीस वर्षांत दाजींना हे सारे तोंडपाठ झाले होते. मात्र ते पाठ झाले होते त्या पाण्यापुरते. वेंगुर्ल्याचे ज्ञान साउदॅम्प्टनला चालले नाही, आणि साउदॅम्प्टनचे ग्रीसला चालणार नव्हते, कारण तिकडच्या समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच!

मग सगळीकडे चालते ते काय? नकाशा, होकायंत्र, प्रवाहाचा त्रिकोण, दिव्यांच्या खुणा, आणि कुठल्याही बंदराची कोष्टके वाचण्याची रीत. त्यांतला एक नियम मला इतका भावला की मी तो वृत्तासारखा पाठ केला. भरतीच्या सहा तासांत पाणी सारखे चढत नाही. बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. एक-दोन-तीन, तीन-दोन-एक! मधोमध जोर, दोन्ही टोकांना विश्रांती. व्याख्यानसुद्धा असेच असावे.

अनुभव आपल्याला आपले पाणी शिकवतो. परक्या पाण्यात काय करायचे ते शास्त्र शिकवते. दाजींना हे पटले. बहुधा मनातून आधीच पटले असावे, नाही तर त्यांनी गठ्ठा माझ्यासमोर टाकलाच नसता.

इतका वेळ ताई भांडी पुसत होती. ती तिथूनच म्हणाली, “तुमचं ठरलं असलं तर आता माझं बोलते.”

मग तिने २०२२ च्या ऑगस्टमधली गोष्ट सांगितली. मला ती तोवर ठाऊक नव्हती. फोनवर ‘यांना जरा लागलं होतं’ एवढेच कळले होते. दोघेच यार्मथच्या बाहेर होती. वारा वाढला म्हणून दाजी पुढचे शीड उतरवायला नाळेकडे गेले. होडी कलंडली, ते लोखंडी कठड्यावर आपटले आणि दोन बरगड्या मोडल्या. सुकाणू ताईच्या हातात. ओहोटी सुरू झालेली. पश्चिमेला हर्स्टच्या चिंचोळ्या तोंडातून पाणी नदीसारखे बाहेर धावते, आणि पलीकडे ‘नीडल्स’चे खडक. दाजींना श्वास घेता येईना, मग बोलणार काय? ताई वीस वर्षे त्या होडीवर जात होती. चहा तिने केला होता, दोर तिने ओढले होते, सांगितले की सुकाणूही धरले होते. पण शीड एकटीने कसे उतरवायचे, यंत्र कधी सुरू करायचे, रेडिओ कसा वापरायचा, हे तिला कुणी सांगितले नव्हते आणि तिने विचारले नव्हते. लाल झाकणाखालचे बटण काही क्षण दाबून धरले की होडीचे नाव आणि जागा आपोआप तटरक्षकांना कळते आणि सोळा नंबरच्या वाहिनीवर बोलता येते, हे तिला दुसऱ्या दिवशी इस्पितळात कळले. त्या दिवशी तिने वीस मिनिटे फक्त सुकाणू सरळ धरून ठेवले. मागून येणाऱ्या एका होडीच्या लक्षात आले म्हणून बरे. त्यांतला एक तरुण यांच्या होडीवर चढला आणि सगळ्यांना यार्मथला घेऊन आला.

“यांना कुठला कागद मिळतो ते मिळो,” ताई म्हणाली. “पण मला त्यानंतर एकदाही होडीवर झोप लागलेली नाही. उद्या माझी भाचरं होडीवर असणार. हे पडले तर होडी आणणार कोण? प्रमाणपत्र मला हवंय.”

दाजी काही बोलले नाहीत. डॉक्टरांना गप्प बसवणारी दोनच माणसे असतात, दुसरे डॉक्टर आणि बायको. थोड्या वेळाने ते म्हणाले, “मी शिकवीन तुला.” त्यावर ताई म्हणाली, “नको. तुम्ही ओरडता.” सौ.ने माझ्याकडे पाहिले. मी मोटार शिकवत होतो ते दिवस तिला आठवले असावेत.

अशा रीतीने एका प्रमाणपत्राची निवड करायला बसलो होतो तिथे दोन निवडली गेली. ताईची निवड सोपी होती. हाताखालचे काम तिला वीस वर्षे येत होते, तेव्हा पहिली पायरी गाळून तिने ‘डे स्किपर’चे नाव घातले. हिवाळ्यात संध्याकाळच्या वर्गाला जाऊन नकाशे, भरती आणि हवामान शिकली. वयाची अठ्ठावन्न वर्षे पुरी झाल्यावर कंपास आणि पट्टी घेऊन स्वयंपाकघराच्या टेबलावर गृहपाठ करताना फोनवर ती मला जी दिसायची, ती माझ्या लहानपणीची, मॅट्रिकच्या वर्षातली ताईच होती. एक दिवसाचा रेडिओचा वर्गही केला. वसंतात पाच दिवस चार अनोळखी माणसांबरोबर होडीवर राहिली. शिक्षिका तिच्या मुलीच्या वयाची होती आणि एकदाही ओरडली नाही, हे तिने मला तीन वेळा सांगितले.

दाजी सप्टेंबर २०२४ मध्ये ‘यॉटमास्टर कोस्टल’ला बसले. त्याला रेडिओचे आणि प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र लागते; ते डॉक्टर, तेव्हा दुसऱ्याची चिंता नव्हती. परीक्षेला ते आणि आणखी एक उमेदवार असे दोघे होते. दोघे असले की ही परीक्षा आठ ते चौदा तास चालते. आमच्या विद्यार्थ्यांना तीन तास जड जातात! परीक्षकाने दोर बांधलेली एक बादली पाण्यात टाकली आणि शांतपणे म्हणाला, ‘हा तुमचा माणूस.’ शिडावरच वळून ती उचलून आणायची. मग दाजींना खाली खोलीत बसवून पडदे ओढले. बाहेरचे काही बघायचे नाही. होकायंत्र, पाण्याची खोली आणि कापलेले अंतर एवढ्यांवरून वर असलेल्या माणसाला दिशा सांगत अमुक तरंगत्या खुणेपाशी होडी न्यायची. धुके आले तर काय कराल याचेच हे उत्तर. रात्री दिवे ओळखायचे. वर पांढरा, खाली लाल म्हणजे वाटाड्याची नौका; वर हिरवा, खाली पांढरा म्हणजे जाळे ओढणारी. परीक्षक फारसा बोलत नव्हता. चांगला परीक्षक बोलतच नाही. परीक्षार्थी आपण होऊन बोलून फसतो. मध्यरात्रीनंतर धक्क्याला लागल्यावर त्याने एवढेच विचारले, “होडीवर तुमच्याशिवाय आणखी कुणाला हे येतं?” दाजींनी सांगितले, “बायको शिकते आहे.” परीक्षकाने मान डोलावली आणि कागदावर सही केली. त्या प्रमाणपत्रावर पुढे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रही वेगळी परीक्षा न देता मिळाले.

आपल्या मुंबईचा या समुद्राशी संबंध नाही असे कुणी समजू नये. एकट्याने कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, ज्या ‘सुहैली’ होडीतून १९६८-६९ मध्ये ३१२ दिवस हिंडला ती होडी मुंबईतच सागवानाची बांधलेली होती. आणि २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय नौदल अधिकारी दिलीप दोंदे यांची ‘म्हादेई’ गोव्यात बांधलेली. दोंद्यांनी प्रदक्षिणेला निघण्याआधी त्याच नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे जाऊन धडे घेतले. आयुष्य नौदलात काढलेला माणूस शिडाच्या होडीसाठी पुन्हा विद्यार्थी होतो, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

२०२५ च्या जूनमध्ये आम्ही आठजण लेफकादा बेटावरून निघालो. भाड्याच्या कचेरीतल्या बाईंनी दाजींचे प्रमाणपत्र अर्धे मिनिट पाहिले. पण तिथे एका माणसाने भागत नाही. चालकाखेरीज आणखी एक जाणते माणूस होडीवर लागते. बाईंनी मान वर करून आमच्यापैकी एकेक पुरुषाकडे पाहिले. जावयाकडे पाहिले, माझ्याकडेही पाहिले. ताईने पर्समधून आपला कागद काढून पुढे सरकवला.

तिकडे दुपारनंतर वायव्येचा ‘मैस्त्रो’ वारा सुटतो, घड्याळ लावावे तसा. त्या वाऱ्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही इथाकेला पोचलो. ओडिसियसला युद्धावरून याच बेटावर परत यायला दहा वर्षे लागली. आम्हांला अर्धा दिवस लागला. किओनी नावाचे इवलेसे बंदर, त्यात होड्यांची ही दाटी. तिथली रीत अशी की धक्क्यापासून दूर नांगर टाकायचा, साखळी सोडीत होडी उलटी मागे न्यायची आणि मागची बाजू दोन दोरांनी धक्क्याला बांधायची. शेजाऱ्याच्या साखळीवर आपली साखळी पडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी तमाशा. हे काम साउदॅम्प्टनच्या पाण्यात कधी करावे लागत नाही. दाजींच्या पंचवीस वर्षांत ते नव्हते आणि ताईच्या पाच दिवसांतही नव्हते. दोघांनी आदल्या दिवशी एका रिकाम्या खाडीत चार वेळा घोकून ठेवले होते.

दाजी पुढे नाळेवर नांगरापाशी उभे राहिले. सुकाणू ताईच्या हातात. वारा बाजूने लोटत होता. मुलांना मी हात धरून गप्प बसवले होते. ताईने एकदा मागे पाहिले, एकदा पुढे, आणि हात वर केला. नांगर पडला. साखळी खडखडत सुटली. होडी मागे मागे सरकत दोन होड्यांच्या मधल्या फटीत शिरली, आणि धक्क्यावरच्या एका म्हाताऱ्याने आमचा दोर झेलला. कुणी कुणावर ओरडले नाही.

त्या रात्री बंदरात थोडा वारा होता. साखळी मधूनमधून कुरकुरत होती. मी उठून बाहेर आलो, तर दाजी एकटेच वर बसले होते. मी विचारले, “काय हो, झोप नाही?”

“मला कधीच नसते नांगरावर,” ते हलक्या आवाजात म्हणाले, आणि खालच्या खोलीकडे बोट दाखवले. “ऐक.”

खाली ताई घोरत होती.